गोठलेल्या नळांचा इतिहास

उन्हाळा तोंडावर आलेला असताना गोठलेल्या नळांचा विषय घेऊन आम्ही आपल्यापुढे यावे, ह्याचे कोणासही नवल वाटेल. नळाला पाणी येत नाही ही तक्रार आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पण नळातले पाणी दगडासारखे घट्ट झाले म्हणून ते येत नाही, अशी तक्रार आपल्या गावात कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपल्या देशातही लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ही अडचण दरसाल येते. पण ते गाव आपल्यापासून फार दूर. तेव्हा ह्या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या शेवटी आपले आपल्यालाच मिळेल अशी आम्हांस आशा आहे. तूर्त एवढेच सांगतो, की थंडीपासून नळ कसा राखावा हा प्रश्न दिसतो घरगुती, पण इंग्लंड-अमेरिकेत त्याने कायदे घडविले, कंपन्या मोडल्या आणि माणसांचे प्राणही घेतले.

प्रथम नळ फुटतो कसा ते पाहू. बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही आकसते, पण चार अंश सेल्सियसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा पसरू लागते, आणि शून्य अंशावर बर्फ होताना तर त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो, आणि म्हणूनच नळही फुटतो. मात्र लोकांची समजूत असते, की बर्फ जिथे धरतो तिथेच तो नळाची भिंत फाडतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९९०च्या दशकात ह्या विषयाचे प्रयोग झाले, त्यांवरून निराळेच चित्र दिसले. नळात बर्फाचे बूच बसते. ते बूच वाढत जाते तसे त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये कोंडलेले पाणी दाबले जाते. त्या पाण्याला जावयास वाट नसते. त्याचा दाब वाढत वाढत जातो आणि नळ जिथे सर्वांत कच्चा असेल तिथे फुटतो. मग तिथे बर्फाचा कण नसला तरी चालतो. तोटी किंचित उघडी ठेवली, थेंब थेंब पाणी टिपकू दिले, तर हा दाब साठत नाही. थंड मुलुखातील गृहिणी रात्री तोटी थोडी सोडून ठेवतात, त्यामागे हे शास्त्र आहे. त्यातच वाहते पाणी जमिनीच्या पोटातली थोडी ऊबही आपल्याबरोबर घेऊन येते.

दुसरी गोष्ट नळ गुंडाळण्याची. पेंढा, गोणपाट, लोकरीच्या चिंध्या, नमदा, आणि अलीकडे स्पंजासारख्या प्लॅस्टिकच्या नळकांड्या, असे नाना पदार्थ लोकांनी नळांभोवती गुंडाळले. ह्याचा उपयोग आहे, पण तो किती हे नीट समजून घेतले पाहिजे. गोधडीत माणसाला ऊब येते, कारण ऊब माणसाच्या अंगात असते. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही एवढेच. नळात उभ्या राहिलेल्या पाण्याजवळ स्वतःची चूल नसते. गुंडाळलेला नळ उशिरा गोठतो. पण थंडी आठवडाभर हटली नाही तर तोही गोठतो. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक ह्या विद्वानाने १७६०च्या सुमारास दाखवून दिले, की शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ होण्यासाठीही त्यातून बरीच उष्णता काढून घ्यावी लागते. एका ग्रॅमला सुमारे ऐंशी कॅलरी. ही उष्णता निघून जाण्यास जो वेळ लागतो, तोच घरच्या माणसाला मिळालेला अवधी. शहाणा माणूस त्या अवधीत मुख्य चावी बंद करून नळ रिकामा करून टाकतो. रिकामा नळ फुटत नाही.

आणि नळ गोठलाच, तर तोटी उघडून तोटीच्या बाजूकडून गरम फडक्यांनी तो हळूहळू मोकळा करावा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. पेटता पलिता लावून नळ वितळविताना घरेच्या घरे जळाली आहेत. नळ थंडीत फुटतो आणि थंडी ओसरल्यावर गळतो, ह्यावरून बर्फ वितळल्यामुळेच नळ फुटतो असा समज पूर्वी फार पसरला होता. वास्तविक भेग आधीच पडलेली असते. बर्फाने ती तात्पुरती बुजविलेली असते, इतकेच.

ह्या सर्व उपायांवर ताण करणारा एक उपाय आहे, आणि तो म्हणजे नळ खोल पुरणे. जमीन वरून गोठत जाते, पण काही फुटांखाली हिवाळ्यातही ती उबदार राहते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पाण्याचे मुख्य नळ साडेसात-आठ फूट खोल असतात. परंतु एक फूट अधिक खोल चर खणावयाचा तर मजुरीही अधिक पडते. घरात चिंध्या गुंडाळण्याचा खर्च राहणाऱ्याचा. चर खणण्याचा खर्च नळ घालणाऱ्याचा. आमच्या आजच्या कथेचे सारे मर्म ह्या दोन खर्चांच्या भेदात आहे.

आता लंडनकडे वळू. १६१३ मध्ये ह्यू मिडल्टन ह्याने न्यू रिव्हर नावाचा कालवा लंडनला आणला. त्याचे पाणी शहरात एल्म झाडाच्या पोखरलेल्या ओंडक्यांतून खेळविलेले होते. हे लाकडी नळ गळत, कुजत आणि दाब सोसत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या जागी ओतीव लोखंडाचे नळ आले. घरांतले बारीक नळ मात्र शिशाचे. इंग्रजीतला ‘प्लंबर’ हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे. शिसे मऊ, गोठणाऱ्या पाण्यापुढे ते एकदा फुगते, दुसऱ्यांदा फुगते, आणि पुढे एखाद्या हिवाळ्यात फाटते.

लंडनचे पाणी त्या काळी आठ खासगी कंपन्यांच्या हाती होते. शहराचे विभाग त्यांनी आपसांत वाटून घेतलेले. त्यामुळे एका कंपनीचे पाणी पसंत नाही म्हणून दुसरीकडे जाण्याची सोय नागरिकांस नव्हती. पाणीपट्टी पाणी किती वापरले ह्यावर नसे, तर घराच्या आकारलेल्या मूल्यावर असे. पाणी दिवसातून थोडा वेळ सोडीत. ज्यांच्या घरी टाकी होती ते साठवून ठेवीत. गरिबांच्या वस्तीत एका अंगणात एक नळ, आणि त्याच्यापुढे बादल्यांची रांग. आपल्या चाळींतून वाढलेल्या माणसाला ह्याचे वर्णन अधिक करून सांगावयास नको.

१८४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पाणीपुरवठ्याविषयी एक सर्वसाधारण कायदा केला. कंपन्यांनी आपले नळ पाण्याने भरलेले ठेवले पाहिजेत असे त्यात बंधन होते. परंतु त्याच कायद्यात एक सूट होती: हिम, असाधारण अवर्षण किंवा अन्य अपरिहार्य कारण घडले, तर हे बंधन लागू नाही. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांची नजर करारातल्या अशा कलमांवर प्रथम जाते. मालकाने काय द्यावयाचे ते दहा ओळींत लिहिलेले असते, आणि ते केव्हा द्यावयाचे नाही ते एका ओळीत. पुढची वीस वर्षे भांडण त्या एका ओळीवर चालते. ह्या कायद्याचेही तसेच झाले.

१८५५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्लंडात विलक्षण थंडी पडली. बर्मिंगहॅम शहरात पाण्याच्या कंपनीने रस्त्यात आगीच्या बंबासाठी नळाला बुचाची तोंडे ठेविली होती. ब्लाइथ नावाच्या गृहस्थाच्या घरासमोरचे तोंड पंचवीस वर्षे बिनतक्रार चालले होते. थंडीत त्यावर बर्फाचे कवच चढले. आत कोंडलेल्या पाण्याला वर निघता येईना, ते जमिनीतून वाट काढून ब्लाइथच्या घरात घुसले. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. ज्यूरीचा कौल त्याच्या बाजूने पडला, परंतु १८५६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. न्यायमूर्ती ऑल्डरसन ह्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: सुज्ञ माणूस नेहमीच्या अनुभवावरून जी काळजी घेईल ती न घेणे म्हणजे निष्काळजीपणा. कंपनीने कायद्यात सांगितल्याप्रमाणे नळ अठरा इंच खोल पुरले होते. १८५५ सालची थंडी त्याहून खोल गेली. ती कोणाच्या अनुभवात नव्हती. सबब कंपनी दोषी नाही. आपल्या देशातील कायद्याचे विद्यार्थी निष्काळजीपणाची व्याख्या आजही ह्याच खटल्यावरून शिकतात. फार थोड्यांच्या ध्यानात येते, की त्या व्याख्येच्या मुळाशी एक गोठलेला नळ आहे.

निकाल चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी कधी न घडलेल्या गोष्टीचा दोष कोणाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. १८५५ मध्ये ती थंडी अननुभूत होती हे मान्य. पण ती पडून गेल्यावर तिचा अनुभव आला की नाही? अठरा इंच पुरत नाहीत हे एकदा कळल्यावर पुढच्या वेळी तीच सबब कशी चालावी?

पुढची वेळ चाळीस वर्षांनी आली. दरम्यान लंडनात मोठे पालट झाले होते. पटकीच्या साथींनी लोकांस हैराण केले होते. १८६६ च्या साथीत पूर्व लंडनमध्ये हजारो माणसे दगावली, आणि ईस्ट लंडन कंपनीचे न गाळलेले पाणी त्यास कारण असल्याचे उघड झाले. अहोरात्र पाणी द्या, म्हणजे घाणेरड्या टाक्यांत साठवावयास नको, अशी मागणी आरोग्याच्या दृष्टीने जोर धरू लागली आणि हळूहळू अमलात आली. ही सुधारणा खरोखर मोठी होती. पण सुधारणेच्या पोटात एक नवा धोका होता. अहोरात्र पाणी आले म्हणून अनेक घरांतून टाक्या गेल्या, आणि नळ सदैव भरलेले व दाबाखाली राहू लागले. आता नळ गोठला तर घरात पेलाभर पाणी शिल्लक राहणार नव्हते.

१८९५ च्या फेब्रुवारीत ते झाले. ११ फेब्रुवारीला स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे उणे २७.२ अंश तापमान नोंदले गेले. त्या देशात त्याहून नीच आकडा आजवर नोंदलेला नाही. लंडनात थेम्स नदीवर बर्फाचे तुकडे वाहू लागले. हाइड पार्कच्या तळ्यावर श्रीमंत लोक बर्फावर घसरण्याचा खेळ खेळत होते, आणि पूर्व लंडनमध्ये बायका रस्त्यावर उभ्या केलेल्या नळांपुढे घागरी घेऊन ताटकळत होत्या. रस्त्याखालचे उथळ पुरलेले नळ गोठले होते. अशा वेळी घरातल्या नळाला कितीही चिंध्या गुंडाळल्या तरी काय उपयोग? शिवाय जमिनीत शिरलेला गारठा हवा उबदार झाली म्हणून लगेच निघत नाही. त्यामुळे वर ऊन पडले तरी खाली नळ बंदच.

ह्या गोठण्यात आणखी एक भयंकर संकट होते, ते स्वयंपाकघरात. पुष्कळ घरांत चुलीच्या पाठीमागे पाणी तापविण्याचा बंदिस्त बॉयलर बसविलेला असे. त्याला जोडलेले नळ रात्री गोठले आणि सकाळी नेहमीप्रमाणे चूल पेटविली, की वाफेला वाट मिळत नसे आणि बॉयलर फुटे. इंग्लंडात अशा स्फोटांनी कडक हिवाळ्यांतून अनेक बळी घेतले. सकाळी चुलीपुढे घरची बाई असे, नाहीतर मोलकरीण असे, हे सांगावयास नकोच. बॉयलरला एक झडप बसविली असती तर हे टळले असते. गिरण्यांतील बॉयलरांची तपासणी करण्याची सोय झाली होती. चुलीमागच्या बॉयलरकडे कोणी पाहावे?

१८९५ च्या थंडीत कंपन्यांनी पाणी दिले नाही, पण पट्टी मात्र मागितली. कायद्यातले ते हिमाचे कलम त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात अवर्षण पडले आणि ईस्ट लंडन कंपनीने पुन्हा पाणी तोडले. १८९६ मध्ये तेच आणि १८९८ मध्येही तेच. थंडीत हिमाची सबब, उन्हात अवर्षणाची. दोन्ही सबबी एकाच कलमात. नागरिक पाण्याची नासाडी करतात असा उलटा आरोप कंपनी करी. नळ गोठू नये म्हणून तोटी किंचित सोडून ठेवणे हीदेखील नासाडीच. म्हणजे नळ उथळ पुरावयाचा कंपनीने, आणि तो वाचविण्यासाठी पाणी टिपकू दिले तर गुन्हेगार राहणारा!

लोकांनी मात्र ह्या वेळी सबब ऐकून घेतली नाही. पूर्व लंडनमध्ये पाणी घेणाऱ्यांच्या संरक्षण-संस्था निघाल्या, सभा झाल्या, न दिलेल्या पाण्याचे पैसे का द्यावे असा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. लंडन काउंटी कौन्सिल ही लोकनियुक्त संस्था १८८९ मध्ये स्थापन झाली होती. पाणी सार्वजनिक मालकीचे करावे म्हणून तिचे प्रयत्न चालूच होते. अखेर १९०२ मध्ये कायदा झाला, आणि १९०४ मध्ये आठही कंपन्यांचा कारभार मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्डाकडे गेला. कंपन्यांच्या भागीदारांस भरपाई भरपूर मिळाली. रांगेत ताटकळलेल्या बायकांना काही मिळाल्याची नोंद नाही.

येथे गोष्ट संपविली असती तर ती आमच्यासारख्याच्या मताला सोयीची झाली असती. पण इतिहास कोणाच्या सोयीने चालत नाही. १९४७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस ब्रिटनमधील कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेला हिवाळा मार्चपर्यंत हटला नाही. कोळसा बर्फात अडकला, वीज तोडावी लागली, घरे थंड पडली आणि नळ गोठले. पुढे १९६२-६३ चा हिवाळा आला. मध्य इंग्लंडात जानेवारी १९६३ चे सरासरी तापमान उणे २.१ अंश होते. १७४० नंतर इतका थंड हिवाळा तिथे पडला नव्हता. पुन्हा रस्त्यावर नळ उभे करावे लागले, पाण्याचे टँकर फिरवावे लागले. ह्या वेळी दोष बराचसा घरांच्या बांधणीत होता. नळ बाहेरच्या भिंतीवरून चढविलेले, टाकी माळ्यावर उघडी, शौचकूप अंगणात. घर भाड्याचे, नळ घरमालकाचा, थंडी भाडेकरूची. सांडपाण्याचे उभे नळ घराच्या आतून न्यावेत असा नियम १९६० च्या दशकातील इमारत-नियमांत आला. तेव्हा मालकी बदलली की थंडी पळते असे नव्हे. सार्वजनिक मालकीने एवढेच होते, की प्रश्न कोणाला विचारावयाचा ते ठाऊक होते. उत्तर चर खणूनच मिळवावे लागते.

हे सर्व जुने झाले असे कोणी म्हणेल, म्हणून एक अलीकडची हकीकत सांगतो. अमेरिकेतील टेक्सास हे उष्ण राज्य. तिथली घरे उन्हाळा नजरेपुढे ठेवून बांधलेली; नळ पोटमाळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले. २०११ च्या फेब्रुवारीत तिथे कडक थंडी पडून वीजकेंद्रे बंद पडली. केंद्र सरकारच्या यंत्रणेने चौकशी केली, आणि वीजकेंद्रे व वायूची साधने थंडीस तोंड देतील अशी करावीत अशी शिफारस केली. तिची सक्ती मात्र झाली नाही. खर्च कोणी करावयाचा? दहा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, डॅलस येथे पारा उणे १९ अंशांवर उतरला. पंचेचाळीस लाखांहून अधिक घरांची वीज गेली. वीज गेली म्हणून घरे थंड पडली, घरे थंड पडली म्हणून नळ गोठून फुटले, आणि छतांतून पाणी कोसळू लागले. शहरांच्या पाण्याचा दाब पडला, आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे त्या थंडीने २४६ माणसे मेली. नळ गुंडाळा, तोटी टिपकू द्या, असा उपदेश त्या आठवड्यातही नागरिकांस केला जात होता. उपदेश बरोबर होता. पण तो पाळून वीज परत येत नव्हती. १८५५ नंतर १८९५, तसेच २०११ नंतर २०२१.

ह्याउलट कॅनडातील विनिपेग शहराचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. २०१४ च्या हिवाळ्यात तिथे गारठा नेहमीपेक्षा खोल गेला आणि दोन हजारांहून अधिक घरांचे नळ गोठले. नगरपालिकेची तारांबळ उडाली, अनेकांना फार दिवस वाट पाहावी लागली. तथापि तिने दोन गोष्टी केल्या. शेजारच्या घरातून रबरी नळीने पाणी देण्याची तात्पुरती सोय केली. आणि ज्यांचे नळ गोठण्याचा धोका होता त्यांना तोटीची बारीक धार अहोरात्र सोडून ठेवण्यास सांगून त्या पाण्याची रक्कम बिलातून वजा दिली. १८९५ मध्ये जी नासाडी ठरली होती, ती इथे सार्वजनिक कर्तव्य ठरली. पाणी तेच आणि धारही तीच. हिशेब कोणाच्या खाती मांडावयाचा, एवढाच फरक.

आता आमच्या गावाचा ह्याच्याशी संबंध काय, त्याकडे येतो. १८४७ च्या त्या इंग्रजी कलमात हिमाच्या शेजारी दुसरा शब्द होता तो ‘असाधारण अवर्षण’. हिम आपल्याकडे नाही, अवर्षण आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे तर आपण सर्वांनीच पाहिले. दर वेळी ‘असाधारण’ हाच शब्द कानी पडतो. त्याबरोबर पाणी जपून वापरा, तोटी बंद करा, हा उपदेशही येतो. तो पाळलाच पाहिजे. ज्याच्या घरी पाणी आहे त्याने ते सांडू नये हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. पण घरातल्या तोटीपाशी नागरिकाचे कर्तव्य जिथे संपते, तिथून धरणापर्यंतचे कर्तव्य दुसऱ्या कोणाचे तरी सुरू होते, आणि त्याचा जाब विचारणे हेही नागरिकाचेच काम आहे.

एखादी आपत्ती पहिल्यांदा येते तेव्हा ती असाधारण असते. न्यायमूर्ती ऑल्डरसन ह्यांनी कंपनीस सोडले ते तेवढ्यासाठी, आणि तेवढे आम्हांसही मान्य आहे. पण तीच आपत्ती दुसऱ्यांदा आली, तर ती अनुभवात जमा झालेली असते, आणि त्याच न्यायमूर्तींच्या कसोटीने तिला निष्काळजीपणा हे नाव द्यावे लागते. थंड देशांत नळाचा चर हिवाळ्यात खणता येत नाही. जमीन गोठलेली असते. तो उन्हाळ्यात, थंडीची कोणाला आठवणही नसते तेव्हा, खणावा लागतो. आपला हिशेब उलटा आहे. तहानेची सोय आपल्याला पावसाळ्यात, नद्या भरून वाहत असताना करावी लागते, आणि ती झाली की नाही हे विचारण्यासाठी सभाही त्याच दिवसांत भरवावी लागते.